नाकानं बघणारा

बार्ली आमच्या घरी आला त्या संध्याकाळी त्यानं दाराशी काढून ठेवलेला माझ्या मुलाचा एक बूट तोंडात धरला आणि घरभर फिरून प्रत्येकाला दाखवला. दिला कुणालाच नाही. चावलाही नाही. शेपटीबरोबर कंबरेपासून मागचा सगळा देह हलत होता आणि तोंडातला बूट मात्र पाण्यानं काठोकाठ भरलेल्या तांब्यासारखा स्थिर. मग स्वयंपाकघरात टेबलाखाली जाऊन त्यानं बूट खाली ठेवला, त्यावर हनुवटी टेकली आणि दोन मिनिटांत घोरायला लागला. नव्या घरातली त्याची ती पहिली झोप.

आम्ही राहतो ते वर्कसॉप, इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमशायरच्या उत्तर टोकाचं, खाणकामगारांचं जुनं गाव. बार्ली शेजारच्या आजींचा. त्यांचे यजमान मॅन्टनच्या कोळसा खाणीत होते. ती खाण १९९४ मध्ये बंद पडली आणि पुढं ते गेल्यावर आजी आणि कुत्रा एवढंच घर राहिलं. या भागात बाईला, बुवाला, दुकानातल्या पोराला, सगळ्यांना प्रेमानं ‘डक’ म्हणतात. मीही आजींसाठी पहिल्या दिवसापासून ‘डक’. कमरेच्या ऑपरेशननंतर त्यांना वृद्धांसाठीच्या छोट्या सदनिकेत जावं लागलं आणि तिथं एवढं मोठं जनावर ठेवायची मुभा नव्हती. बार्ली तेव्हा चार वर्षांचा होता. त्याच्याबरोबर त्यांनी एक टॉवेल, एक कंगवा, कापसाचं पुडकं आणि वहीचं एक पान दिलं. पानावर लिहिलं होतं: सकाळी डोळे, संध्याकाळी डोळे आणि कान. घाई करू नकोस, डक, तो करत नाही.

त्याला पाच वर्षं झाली. ते पान अजून फ्रिजवर आहे.

बार्ली क्लंबर स्पॅनियल आहे. स्पॅनियल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं येतो तो कॉकर: लांब कानांचा, चुळबुळ्या, सारखा इकडून तिकडे धावणारा. क्लंबर त्याच कुळातला, पण सगळ्यांत वजनदार.  पाय आखूड, पाठ लांब, डोकं मोठं आणि चौकोनी. अंग पांढरंशुभ्र, कानांवर पिकल्या लिंबाच्या रंगाची छटा आणि नाकाच्या बाजूंना त्याच रंगाचे ठिपके. चालतो तेव्हा भरलेल्या बैलगाडीसारखा थोडा डुलतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, कुत्रा आजारी तरी आहे किंवा आळशी तरी. मलाही तसंच वाटलं होतं.

ज्या जागेवरून या जातीला नाव मिळालं ती क्लंबर पार्क आमच्या घरापासून गाडीनं दहा मिनिटांवर आहे. या पट्ट्यात एकाला लागून एक सरदारांच्या जहागिरी होत्या, म्हणून याला अजून ‘ड्यूकरीज’ म्हणतात. क्लंबर ही न्यूकासलच्या ड्यूकची जहागीर. तिथला वाडा १९३८ मध्ये पाडला गेला. आज गवतात त्याच्या पायाच्या खुणा तेवढ्या दिसतात. तळ्याकाठचं उंच मनोऱ्याचं चर्च शाबूत आहे. १९४६ पासून सगळा परिसर नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे लोकांकडे आहे. पहिल्यांदा तिथं गेले तेव्हा एका गोष्टीनं मला थांबवलं. वाडा गेला, ड्यूकचा दिमाख गेला, आणि ज्याला त्या वाड्याचं नाव होतं तो प्राणी माझ्या बुटावर बसून, जीभ बाहेर काढून त्या रिकाम्या गवताकडं बघत होता.

या जातीच्या उगमाची एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली तेव्हा नोआयच्या ड्यूकनं आपले लाडके स्पॅनियल वाचवायला समुद्रापार न्यूकासलच्या दुसऱ्या ड्यूककडे पाठवून दिले, अशी. गोष्ट देखणी आहे, पण तिला कागदाचा पुरावा नाही. उलट फ्रान्सिस व्हीटली या चित्रकाराचं १७८८ चं एक चित्र आहे. त्यात शिकारीहून परतणारा ड्यूक, त्याचा शिकारखान्याचा रखवालदार विल्यम मॅन्सेल आणि त्यांच्याजवळ हे पांढरे-पिवळे स्पॅनियल दिसतात. बास्तीयचा तुरुंग पडला आणि क्रांती सुरू झाली ती १७८९ मध्ये. म्हणजे क्रांतीच्या आधीच ही कुत्री क्लंबरला होती. मला विचाराल तर या जातीचं श्रेय मॅन्सेलला द्यायला हवं. कुठल्या मादीला कोणता नर, कुठलं पिल्लू ठेवायचं आणि कुठलं नाही, हे पहाटे उठून ठरवणारा माणूस तो. ड्यूकचं नाव जहागिरीमुळे राहिलं. मॅन्सेलचं, हा कुत्रा टिकला म्हणून राहिलं.

पुढं राजघराण्यानंही क्लंबरला उचलून धरलं. व्हिक्टोरिया राणीचे यजमान प्रिन्स अल्बर्ट यांना ते आवडत, त्यांचा मुलगा सातवा एडवर्ड यानं सँड्रिंगहॅमला ते पाळले आणि त्याच्यानंतर पाचव्या जॉर्जनंही. हा पाचवा जॉर्ज म्हणजे तोच, ज्याच्या १९११ च्या आगमनाची आठवण म्हणून मुंबईला गेटवे ऑफ इंडिया उभा आहे.

एवढी वर्णी लागूनही आज क्लंबर दुर्मीळ आहे. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारा इथला केनेल क्लब ब्रिटनमधल्या ज्या देशी जातींची वर्षाला तीनशेपेक्षा कमी पिल्लं नोंदली जातात त्यांची एक यादी ठेवतो, ‘धोक्यात असलेल्या जाती’ म्हणून. क्लंबर त्या यादीत आहे. लॅब्रेडॉर हजारोंनी नोंदले जातात. क्लंबरच्या पिल्लासाठी लोक नाव देऊन थांबतात, आणि पाळणारी माणसं घेणाऱ्याची अशी चौकशी करतात की आपल्याकडच्या सोयरिकीची आठवण यावी. घरी दिवसभर कोण असतं? जिने किती? अंगण आहे का? याआधी कुत्रा होता का, आणि तो कशानं गेला?

तो मागं पडला तो त्याच्या चालीमुळे. दाट जाळीत शिरायचं, अंगानं काटे रेटत पुढं जायचं, आवाज न करता वास काढायचा आणि पक्षी अगदी नाकाशी आल्यावर उठवायचा, हे त्याचं काम. ब्लॅकबेरीची जाळी आपल्या करवंदीच्या जाळीसारखीच असते. माणूस शिरला तर कपडे फाडून बाहेर येतो. आखूड पाय, जड छाती आणि दाट केस त्यासाठी. मोकळ्या रानात स्प्रिंगर स्पॅनियल जे दहा मिनिटांत धुंडाळतो त्याला क्लंबर अर्धा तास घेतो. पण स्प्रिंगर गेल्यावर मागं राहिलेलं तो शोधून काढतो. लोकांना घाई झाली. बंदुका, शिकारीच्या पद्धती, माणसांचे सुटीचे दिवस सगळं बदललं आणि सावकाश काम करणाऱ्याची गरज संपली. इथं त्याला ‘निवृत्त गृहस्थाचा स्पॅनियल’ म्हणायची जुनी पद्धत आहे. कौतुकानं म्हणतात, पण मला त्यात थोडा अन्याय वाटतो. निवृत्त मालक झाला होता, कुत्रा नाही.

हे मला नीट कळलं ते अण्णा इथं आले त्या वर्षी.

माझे वडील माण तालुक्यातले. त्यांच्या लहानपणी घरी कारवानी कुत्री होती, सडपातळ, कमान ताणल्यासारख्या पाठीची, नजरेनं सावज हेरून वाऱ्यासारखी सुटणारी. त्यांच्या मनातला कुत्रा तो. दसऱ्यानंतर आले, सहा महिने राहिले. बार्लीला पाहून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पोरी, ह्यो पळत न्हाई का?”

“पळतो अण्णा, पण त्याला वाटलं तर.”

“मग ह्याचं काम काय?”

उत्तर मला देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांच्या एका पायात चपल होती आणि दुसरी सापडत नव्हती. बार्ली ती घेऊन खिडकीशी उभा. अण्णांनी हात पुढं केला तर त्यानं मान फिरवली. ओढलं असतं तर त्यानं आणखी घट्ट धरली असती, हे मला माहीत होतं. मी काही म्हणायच्या आत अण्णा खुर्चीत बसले, हात मांडीवर उताणा ठेवला आणि दुसरीकडं बघत राहिले. गाईला पान्हा फुटायची वाट बघावी तसे. तीनचार मिनिटं गेली. बार्ली आला आणि चपल त्यांच्या हातावर ठेवली. अण्णांनी ती उलटीपालटी करून पाहिली. कातड्यावर एका दाताची खूण नव्हती. “तोंड मऊ हाय ह्याचं,” ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून दोघांचं जमलं.

क्लंबरला वळण लावायची याहून वेगळी रीत मला आजपर्यंत सापडलेली नाही. आवाज चढवला की तो पाठ करून बसतो, आणि त्या पाठीत इतकं दुःख असतं की रागावणाऱ्यालाच वाईट वाटावं. त्याच्याशी झोंबाझोंबी करून काही मिळत नाही. खाऊचा तुकडा, शांत आवाज आणि वेळ, एवढ्यावर तो सगळं शिकतो, आणि एकदा शिकलेलं विसरत नाही. परक्या माणसाच्या अंगावर उड्या मारणार नाही. दोन हात लांब उभा राहील, वास घेईल, ठरवेल. ठरवलं की मग तोंडात काहीतरी घेऊन येईल, कारण आपल्या माणसाकडं रिकाम्या तोंडानं जायचं नसतं. भुंकणं कमी. एकटेपण मात्र त्याला सोसत नाही. दिवसभर बंद घरात राहणारा क्लंबर भिंतीचं प्लास्टर, मोजे, गादीचा कापूस असं काहीही गिळून बसतो. जी माणसं दोघंही कामावर जातात त्यांनी हा कुत्रा घेऊ नये, असं मी स्पष्ट सांगते.

नोव्हेंबरात एका सकाळी आम्ही तिघं क्लंबर पार्कमध्ये गेलो. तिथं लाइमच्या झाडांची दुहेरी रांग आहे, सुमारे सव्वातीन किलोमीटर लांब, १,२९६ झाडांची. ‘लाइम’ ऐकून अण्णा वर लिंबं शोधत होते. ते झाड वेगळं, याला लिंबं येत नाहीत, हे सांगितल्यावर त्यांनी एक पिवळं पान उचलून खिशात ठेवलं. अण्णांचे गुडघे दुखत होते. मी सोबत असले की नकळत पुढं जाते, मग थांबते, मग त्यांना अपराधी वाटतं. बार्लीबरोबर तसं होत नव्हतं. त्याची चाल आणि अण्णांची चाल एकच होती. दोघं पुढं चालले होते, कानटोपी आणि पांढरी पाठ, आणि मी मागं.

रांगेतून आत रानाकडं वळलो आणि एका जाळीशी बार्ली थांबला. मी हाक मारली. आला नाही. पट्टा ओढला. त्यानं चारही पाय रोवले. पाऊस लागला होता आणि मला घरी जायचं होतं. अण्णांनी हातानंच मला थांबवलं. बार्लीची शेपूट हळूहळू हलायला लागली, नाक वर, मग खाली, मग पुन्हा वर. डोळे जवळजवळ मिटलेले. पावलाला पाऊल लावत तो पट्ट्याच्या लांबीइतका आत गेला आणि त्याच्या तोंडासमोरून, वाळक्या पानांच्याच रंगाचा, लांब चोचीचा एक वुडकॉक फडफडत उठला आणि झाडांमधून वाकडातिकडा उडून गेला. ती पानं मी पाच मिनिटं बघत होते. मला काही दिसलं नव्हतं.

बार्लीनं वळून आमच्याकडं पाहिलं. बंदूक नव्हती, पक्षी पडला नव्हता. त्याला त्याचं काही नव्हतं. काम झालं होतं.

“ह्यो नाकानं बघतोय,” अण्णा म्हणाले. “आपलं कुत्रं डोळ्यानं बघायचं, म्हणून पळायचं. नाकानं बघणाऱ्याला पळून कसं चालंल?”

पाच वर्षांत वाचलेल्या सगळ्या पुस्तकांत मला हे इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं.

आता डोळ्यांविषयी. ते सांगायलाच हवं, कारण क्लंबरचा चेहरा बघून लोक विरघळतात आणि त्या चेहऱ्याचं मोल कुत्रा भरतो. त्याची खालची पापणी सैल असते. काहींची बाहेर लोंबते, आतला लाल भाग उघडा पडतो, धूळ साचते, सारखं चिपड येतं. काहींची आत वळते आणि पापणीचे केस प्रत्येक उघडझापीला बुबुळावर घासतात. बार्लीचा उजवा डोळा दुसऱ्या प्रकारचा. आमच्याकडं आल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात तो एक डोळा बारीक करून बसायला लागला. मला वाटलं झोपाळू झालाय. दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी व्हेटनं डोळ्यात नारिंगी रंगाची पट्टी टेकवली, निळा दिवा धरला, आणि बुबुळावर हिरवीगार चमकणारी जखम दिसली. दोन दिवस तो ते मुकाट सोसत होता आणि मी त्याच्या घोरण्याचं कौतुक करत होते. तो हिरवा ठिपका मी विसरणार नाही. पापणीचं ऑपरेशन झालं, डोळा वाचला. क्लंबर पाळणाऱ्या कुणाला मला एकच गोष्ट सांगायची मुभा असेल तर ही सांगेन: डोळा बारीक केला, पाणी आलं, पंजानं चोळला, की त्याच दिवशी दाखवा.

व्हीटलीच्या चित्रातल्या कुत्र्यांची डोकी इतकी जड नाहीत. पापण्या अशा लोंबत नाहीत. डोकं मोठं हवं, चेहरा गंभीर हवा, सुरकुत्या भारदस्त हव्यात, हे पुढं प्रदर्शनांच्या मांडवात माणसांनी ठरवलं, आणि पिढ्यान्‌पिढ्या तसेच कुत्रे निवडले. १९९१ मध्ये, क्रफ्ट्स या कुत्र्यांच्या मोठ्या प्रदर्शनाच्या शताब्दीच्या वर्षी, तिथलं सर्वोच्च बक्षीस क्लंबरला मिळालं. २०१२ मध्ये त्याच क्रफ्ट्समध्ये पंधरा जातींच्या विजेत्यांना पशुवैद्यकांची तपासणी सक्तीची झाली आणि क्लंबरचा विजेता त्या तपासणीत उतरला नाही. पाळणारी मंडळी दुखावली. त्यांचं दुःख मी समजू शकते, आयुष्यं घातलीत त्यांनी. तरी ती तपासणी व्हायला हवी होती असंच मला वाटतं. रानात काम करणारे क्लंबर जपणाऱ्यांनी मधल्या काळात हलक्या अंगाची, घट्ट पापण्यांची पिल्लं निवडून दाखवली आहेत. चित्रातल्या कुत्र्याकडं परत जाता येतं. फक्त तेवढंच सावकाश.

हीच गोष्ट खुब्यांची. वजनदार अंग, लांब पाठ, त्यात आईबापांचे खुबे सैल असले तर पिल्लू मोठेपणी मागच्या पायांनी अधू होतं. म्हणून पिल्लू घेताना आईबापांच्या खुब्यांच्या एक्सरेचे गुण विचारावेत, आणि रक्ताची तपासणीही. क्लंबर आणि त्याचा तितकाच दुर्मीळ भाऊबंद ससेक्स स्पॅनियल या दोघांत पीडीपी१ नावाचा एक जनुकदोष आढळतो. दोन्ही बाजूंनी आला तर अन्नातली ऊर्जा स्नायूंना नीट वापरता येत नाही, आणि थोडं खेळलं की पिल्लू कोसळतं. तपासणी सोपी आहे. ती केलेली नसेल तर पिल्लू कितीही गोड असो, परत फिरावं. थोडीच कुत्री उरलेल्या जातीत एक चुकीचं लग्न फार दूरवर पोचतं.

बाकीची निगा रोजची आहे, आणि खरं सांगायचं तर तीच मला आवडते. कान जड, आत हवा लागत नाही, म्हणून आतून कोरडे ठेवायचे. तळ्यात उतरला की आधी कान पुसायचे, मग बाकी अंग. पंजाच्या गाद्यांमधले केस कापायचे, नाहीतर चिखलाच्या गोळ्या होतात. जूनजुलैत रानगवताची कुसळं कानात आणि बोटांच्या बेचक्यात शिरतात आणि आत-आत जातात, म्हणून फिरून आल्यावर दाराशीच एकेक बोट उघडून पाहायचं. केस बारा महिने गळतात. आमच्या घरी काळे कपडे घालायचं जवळजवळ बंद झालंय. लाळ गळते, भिंतीला लागते. खाण्याचा लोभ मोठा, आणि चढलेला प्रत्येक किलो त्या खुब्यांवर बसतो, म्हणून मोजूनच द्यायचं. अण्णा चोरून पोळी द्यायचे. दोन महिन्यांत दोन किलो वाढला. मी वजनाचा काटा दाखवला तेव्हा त्यांनी मुकाट्यानं गाजराचे तुकडे करायला घेतले. बार्लीनं ते पोळीइतक्याच आदरानं खाल्ले.

आजींना महिन्यातून एकदा भेटवून आणतो. गाडी त्यांच्या इमारतीच्या वळणाला लागली की तो उठून बसतो आणि मागच्या सीटवरून काहीतरी शोधायला लागतो: हातमोजा, पाण्याची रिकामी बाटली, काहीही. आजी दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरून आधी खालच्या पापण्या ओढून बघतात, मग त्याचा मुका घेतात, मग माझ्याकडं बघून मान हलवतात. तेवढं मान हलवणं मिळालं की मला महिनाभर पुरतं.

आता बार्ली नऊ वर्षांचा आहे. ही जात दहा-बारा वर्षं जगते. क्लंबर पार्कमध्ये पूर्वी तळ्याला पूर्ण वळसा घालायचो, आता चर्चपर्यंत जाऊन परत येतो. अण्णा गावी आहेत. सकाळी फोन करतात तेव्हा तिकडं दुपार झालेली असते. जावई कसे आहेत, पोराचा अभ्यास कसा आहे, हे नंतर. आधी विचारतात, “डोळं पुसलं का त्याचं?”

“आता पुसते, अण्णा.”

किटलीचा खटका पडला की बार्लीला कळतं. चहाचं पाणी ओतून उरलेलं मी वाटीत निवायला ठेवते. तो टेबलाखालून निघतो, मागचे पाय आधी, मग अंग सावरत पुढचे, आणि मी बोलवायच्या आधी येऊन हनुवटी माझ्या गुडघ्यावर ठेवतो. अण्णा फोनवर गप्प राहतात, ऐकत. मी कापसाचा बोळा पिळून घेते. आधी उजवा डोळा, नाकाकडून बाहेर. मग तो बोळा टाकून नवा, आणि डावा.